सुविधेचा भुर्दंड

नोटाबंदीनंतर, नोव्हेंबर २०१६मध्ये रेल्वेने ऑनलाइन तिकिटांवरील सेवा शुल्क माफ केले. रोकडविरहित व्यवहारांची सवय लागावी, हा हेतू स्तुत्यच होता. ती सवय अंगवळणी पडली आणि १ सप्टेंबर २०१९पासून 'सुविधा शुल्क' या नावाने आकारणी परत आली : बिगरवातानुकूलित डब्यासाठी १५ रुपये, वातानुकूलित डब्यासाठी ३०, यूपीआयने पैसे भरल्यास अनुक्रमे १० व २०, वर जीएसटी वेगळा. खिडकीवरची रांग, कारकुनाचे श्रम आणि कागद प्रवाशाने वाचवायचे व त्याचा भुर्दंडही त्यानेच सोसायचा, हा उफराटा न्याय झाला. तिकीट रद्द झाले तरी हे शुल्क परत मिळत नाही. प्रतीक्षा यादीतील तिकीट अखेरपर्यंत निश्चित झाले नाही, तर माणशी ६० रुपये कापण्याची तरतूद नोव्हेंबर २०१५च्या परतावा नियमांनी करून ठेवली. न दिलेल्या सेवेचे मोल घेणे गल्लीतल्या दुकानदारालाही शोभत नाही. मग राष्ट्राची संपत्ती म्हणविणाऱ्या रेल्वेला ते कसे शोभावे? संकेतस्थळाचा खर्च भागवायचाच असेल, तर तो उघडपणे भाड्यात धरावा. ज्याला जागाच देता आली नाही, त्याची मात्र पै न पै परत करावी.