आधी कळलं म्हणजे आधी झालं?

जुन्नर-आंबेगावातल्या सरकारी रुग्णालयात पहिलटकरीण नाव नोंदवायला येते, तेव्हा हिमोग्लोबिन, साखर यांच्याबरोबर तिची एचआयव्हीचीही तपासणी होते. नवरा तोवर फाटकाशी मोटरसायकलला टेकून उभा असतो. त्याला कुणी सुई टोचत नाही. त्याची पाळी येते ती बहुधा बायकोचा अहवाल आल्यावर, किंवा बऱ्याच वर्षांनी, खोकला हटेना आणि क्षयाचं निदान झालं की. मग नोंदवहीत बाधित बायका विशी-तिशीतल्या आणि पुरुष त्याहून थोराड दिसले, तर त्यात संसर्गाचा भाग किती आणि तपासणीच्या वेळेचा किती, हे आधी निवडून काढायला हवं. गावाला तेवढा धीर नसतो. हिचा रिपोर्ट आधी आला, म्हणजे हिनेच आणला!

पुण्यातलाच जुना पुरावा याच्या उलट बोलतो. 1993 ते 1996 दरम्यान शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी 13.6 टक्के बाधित निघाल्या. हे आकडे दवाखान्यातले, सगळ्या समाजाचे नव्हेत. पण यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. आज देशातल्या बाधितांत स्त्रिया सुमारे 44 टक्के आहेत. आणि बाळंतपणं आटोपलेल्या पंचेचाळिशीच्या बाईचं काय? तिच्यासाठी तपासणीचं ते दारही बंद झालेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजुरांसाठी कार्यक्रम आहेतच की. आहेत, पण वाशीच्या बाजारात माल घेऊन जाणारा बागायतदार स्वतःला त्यांत धरत नाही. ‘जोखमीचा गट’ म्हटलं की बोट नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांकडे जातं आणि बाकीचे निर्धास्त होतात. लग्नाआधी तपासणीची सक्ती करा, हा दुसरा आवडता उपाय. एक तर 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि लग्नाआधीचा कागद लग्नानंतरच्या वर्षांची हमी देत नाही. त्यापेक्षा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, मंचरच्या बाजार समितीत, लिलाव उरकल्यावर पुरुष रिकामे असतात त्या वेळी रक्तदाब-साखरेच्या जोडीने ही तपासणी ठेवावी. आणि गरोदर बाईचं रक्त घेतात त्याच सकाळी, फाटकाशी उभ्या असलेल्यालाही आत बोलवावं, अहवाल कुणाचाच आलेला नसताना.