चिंबोरीची कात आणि शेतकऱ्याचे औषध

मृगाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे महाड-पोलादपूरकडील ओहोळांतून व भातखाचरांतून मुठे आणि चिंबोऱ्या बाहेर पडू लागतात. रात्री बत्ती घेऊन त्या धरावयास जाणे हा येथील जुना परिपाठ होय. परंतु हीच चिंबोरी बांधाला बीळ पाडते, त्यावाटे खाचरातील पाणी निघून जाते आणि कोवळी रोपे बुडाशी कातरली जातात. शेतकऱ्याचा तिच्यावरील राग अनाठायी नाही. मात्र त्या रागापोटी फवारणीचे उरलेले औषध बिळात किंवा ओहोळात ओतणे सर्वस्वी चुकीचे असून ते शेतकऱ्याच्याच हिताविरुद्ध आहे. असे का, हे समजण्यासाठी चिंबोरी कात कशी टाकते ते पाहिले पाहिजे.

चिंबोरीचे कवच अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून वाढावयाचे तर जुने कवच टाकणे तिला भागच पडते. त्यापूर्वी ती जुन्या कवचातील चुन्याचा काही अंश शरीरात शोषून घेते, आतून नवे मऊ कवच तयार करते, पाणी घेऊन अंग फुगविते आणि जुन्या कवचाच्या मागील फटीतून बाहेर पडते. नवे कवच घट्ट होईपर्यंत ती लपून राहते. जाणते लोक अशी चिंबोरी पोकळ व पाणचट म्हणून सोडून देतात.

ही कात केव्हा टाकावयाची, हे शरीरातील स्राव ठरवितात. खेकड्याचे नेत्रदांडे काढून टाकले असता तो लवकर कात टाकतो, असे १९०५ साली अमेरिकेतील झेलेनी या संशोधकास आढळले. त्याचे कारण पुढे उलगडले. नेत्रदांड्यातील मज्जापेशी प्रथिनासारखा एक स्राव तयार करतात. तो जवळच्याच ग्रंथीत साठतो व तेथून रक्तात उतरतो. हा स्राव म्हणजे लगाम होय. शरीराच्या पुढील भागात दुसरी एक ग्रंथी असते. कात टाकण्यास लावणारा एक्डायसोन हा स्राव ती निर्माण करते. लगाम घट्ट असेतो ही ग्रंथी मंद राहते, लगाम सैल होताच तिचा स्राव वाढतो व कात टाकण्याची तयारी सुरू होते. आपल्याकडेही औरंगाबाद येथील तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात नागभूषणम् व दिवाण यांनी १९७०च्या दशकात गोड्या पाण्यातील खेकड्यावर अशा मज्जास्रावांचा अभ्यास केला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बुटेनान्ट व कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ साली रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो कोशांतून केवळ २५ मिलिग्रॅम एक्डायसोन वेगळे केले. १९६६ साली ऑस्ट्रेलियात कवचधारी शेवंडांच्या सुमारे एक टन अवशेषांतून २ मिलिग्रॅम स्राव मिळाला. तो त्याच कुळातील निघाला. म्हणजे पिकावरील कीड आणि ओहोळातील कोळंबी यांची कात टाकण्याची यंत्रणा मुळात एकच आहे. एकीसाठी केलेले औषध दुसरीला ओळखून सोडून देईल, अशी अपेक्षा कशी धरावी?

कीड मारणारी काही औषधे नेमक्या या यंत्रणेवरच घाव घालतात. डायफ्लुबेन्झुरॉन किंवा भातावरील तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे बुप्रोफेझिन नवे कवच नीट बनू देत नाही. यांपैकी डायफ्लुबेन्झुरॉन अत्यल्प प्रमाणातही कवचधारी जलचरांना घातक ठरते. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे मज्जासंस्थेवर परिणाम करून कोळंबीचा नाश करतात. भारतात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेल्या एन्डोसल्फानमुळे सूक्ष्म जलपिसवांची कात लांबते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले होते. अशा वेळी मेलेले प्राणी पाण्यावर तरंगत नाहीत, त्यांची वाढ तेवढी खुंटते. गावात कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि एके वर्षी ओहोळात कोळंबीच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, महाडच्या औद्योगिक वसाहतीत एवढे रासायनिक कारखाने असता आमच्या एका पंपाने काय बिघडणार? प्रश्न रास्त आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असावयास हवी, आणि पाणी बिघडल्यास तक्रार करण्याचा गावकऱ्यांना पूर्ण अधिकार आहे. परंतु एकाच्या दोषाने दुसऱ्याचा दोष धुऊन निघत नाही. महाबळेश्वराहून निघालेली सावित्री पोलादपूरवरून महाडास येते, काळ व गांधारी यांचे पाणी घेते आणि बाणकोटच्या खाडीस मिळते. गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी नदीत वाढते, पण तिच्या पिलांना आरंभी खाडीचे मचूळ पाणी लागते. म्हणून ओहोळ व खाडी दोन्ही निर्मळ राहिली तरच तिची पैदास टिकेल. ओहोळ राखणे तरी सर्वस्वी शेतकऱ्याच्या हातात आहे.

चिंबोरीचा बंदोबस्त करावयाचा तर पावसापूर्वी बांध दुरुस्त करून बिळे चिखलाने पक्की बुजवावीत, पहिल्या पावसात चिंबोऱ्या हातांनी धराव्यात आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावावीत. आमिष वापरणे भागच पडले तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच ते बिळाच्या आत ठेवावे व बीळ बंद करावे. फवारणी कीड खरोखर वाढली असेल तरच करावी. पाऊस येण्याच्या बेतात असताना करू नये, आणि फवारल्यावर खाचराचे पाणी लगेच सोडू नये. पंप ओहोळात धुऊ नये. धुण्याचे पाणी त्याच शेतात फवारून संपवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट सभेत सांगून थांबू नये. पंप ओहोळापासून दूर कसा धुवावा, हे एकदा बांधावर उभे राहून करून दाखवावे. बांध वाचविताना ओहोळ गमावला, तर त्या हिशेबात शेतकऱ्याच्या घरी काहीच शिल्लक राहणार नाही.