फजरच्या वेळी तिथे मध्यरात्र

जूनमधली पहाट, साडेचारचा सुमार. शेजारच्या भाभी मोबाईल हातात घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "भाईजान, बच्ची का फोन लगताच नै."

बच्ची म्हणजे त्यांची मोठी मुलगी. जानेवारीत एमएससीसाठी ग्लासगोला गेलेली. तामलवाडीतल्या आमच्या मोहल्ल्यातून परदेशी शिकायला गेलेली पहिलीच मुलगी. झोपण्यापूर्वी ती रोज "घरी आले" असा निरोप टाकायची. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच तास. त्यामुळे आपली फजर आणि तिथली मध्यरात्र जवळजवळ एकाच वेळी येते. भाभी वजूला जाण्याआधी निरोप पाहायच्या आणि मग निवांत नमाजला उभ्या राहायच्या. त्या दिवशी निरोप नव्हता.

सहा वाजता फोन लागला. मुलगी ग्रंथालयात बसली होती, मग दोन मैत्रिणींबरोबर जेवायला गेली. मोबाईलची बॅटरी संपली, शेवटची बस निघून गेली, म्हणून चालत खोलीवर आली. घडले एवढेच. ग्लासगोत जूनमध्ये सूर्यच रात्री दहानंतर मावळतो. मगरिब दहानंतर, ईशा त्याच्याही पुढे. आपल्याकडे सातच्या आसपास दिवेलागण होते, त्या हिशेबाने "रात्रीचे अकरा" ऐकले की काळजात धस्स होते. तिथे अकरा वाजता आभाळात उजेड रेंगाळत असतो.

पण तेव्हा हे कोणाला सुचले? अब्बांनी फोनवर जे बोलू नये ते बोलून टाकले. फुफी म्हणाल्या, तिकीट काढा आणि परत बोलवा. आम्हीही तिथेच बसलो होतो. आम्ही काय केले? मान डोलावली. वडीलधाऱ्या माणसाने मान डोलावली की तो निकालच होतो, हे आम्हाला कळायला हवे होते. मुलगी सगळे ऐकत होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "जी अब्बा, पुन्हा नाही होणार."

आणि खरेच पुन्हा झाले नाही. त्या दिवसापासून तिथल्या रात्री दहाच्या ठोक्याला निरोप येऊ लागला, "घरी आले." घर खूश. आम्हीही खूश. मुलगी सुधारली!

एक गोष्ट आठवते. अतिया फैजी यांचे नाव आपल्या वाचकांना नवे नसेल. मुंबईच्या फैजी घराण्यातल्या, मुरूड-जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांच्या धाकट्या बहीण. १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घ्यायला गेल्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एक मुसलमान मुलगी! तिथून त्या बहिणींना रोजनिशीसारखी पत्रे लिहीत. कुठे गेलो, कोण भेटले, काय पाहिले, सारे त्यात असे. ती पत्रे लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू पत्रात छापली गेली आणि पुढे 'जमाना-ए-तहसील' नावाने त्यांचे पुस्तक झाले. १९०७ च्या एप्रिलमध्ये मिस बेक यांच्या घरी त्यांची आणि इक्बाल यांची भेट झाली. इक्बाल तेव्हा केंब्रिजला शिकत होते. काही दिवसांनी इक्बाल यांनी त्यांना लंडनच्या फ्रास्काती या नामांकित भोजनगृहात रात्रीच्या जेवणाला बोलावले. काही जर्मन विद्वानांशी भेट घडवायची होती. ही हकीकत अतियाबेगमनी १९४७ मध्ये इक्बाल यांच्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात स्वतःच सांगितली आहे. आजारपणामुळे त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले आणि १९०७ मध्येच त्या परतल्या. पुढे लोक त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलले, तो भाग वेगळा. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते असे, की बोटीने जाणाऱ्या पत्राला आठवडे लागत, तरी घरच्यांना मुलीचा दिवस ठाऊक असे. आमच्या शेजारच्या घरी निरोप क्षणात पोहोचत होता आणि कोणालाच काही ठाऊक नव्हते.

ते आम्हाला कळले मुलगी शिकून परत आल्यावर. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी शीरखुर्मा घेऊन आली, बसली आणि बोलली. दहाच्या निरोपाच्या वेळी ती बहुतेकदा खोलीवर नसायचीच. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, रात्री बारापर्यंत. खोलीचे भाडे अब्बांनी पाठवलेल्या पैशात भागत नव्हते आणि अब्बांनी आधीच जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला. ब्रिटनमध्ये पदवीच्या पुढचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करायला कायद्याने परवानगी आहे. तिने त्यापलीकडे एक तासही केले नाही. लपवण्यासारखे त्यात काही नव्हतेच. पण सांगायचे तर "रात्री बारापर्यंत बाहेर असते" हे आधी सांगावे लागले असते.

नोव्हेंबरात एका रात्री साडेबाराला ती बसमधून उतरली. एक दारू प्यायलेला माणूस मागे लागला. ती रात्रभर उघड्या असलेल्या एका पेट्रोल पंपाच्या दुकानात शिरली आणि अर्धा तास काउंटरजवळ उभी राहिली. खोलीतली मैत्रीण टॅक्सी घेऊन आली तेव्हा बाहेर पडली. घरी फोन केला नाही. करणार कसा? दहा वाजताच "घरी आले" असे कळवून झाले होते. त्या घटकेला तामलवाडीत पहाटेचे सहा वाजले होते. भाभी मुसल्ल्यावर बसून तिच्यासाठीच दुआ मागत होत्या. मोबाईल शेजारीच होता.

मुलगी खोटे बोलली, ते चूकच. ती स्वतःही तसेच म्हणाली. पण तिला खोटे बोलायला शिकवले त्या जूनच्या पहाटेने, आणि त्या बैठकीत आम्ही होतो.

आणि रात्रीचे आपल्याला एवढे वावडे तरी कुठे आहे? सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या या गावात कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेले भाविक रात्रभर चालत असतात. बाया असतात, कॉलेजच्या पोरी असतात. आम्ही ओट्यावर बसून त्यांना पाण्याचे पेले दिले आहेत. "इतक्या रात्री कुठे?" असे आमच्या तोंडून कधी निघाले नाही. सगळे मिळून चाललेले दिसतात, म्हणून भीती वाटत नाही.

या सप्टेंबरात त्या घरचा धाकटा मुलगा जर्मनीला निघाला आहे. गंमत म्हणजे तो रात्री किती वाजता परतणार, हे फुफींनी अजून विचारलेले नाही. मुलगा आहे ना! विचारले ते बहिणीने. काम करणार का, कुठे, तिथून शेवटची गाडी किती वाजता. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने नंबर लिहून दिले. युरोपात कुठूनही मदतीला लागणारा ११२, विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा, खोलीतल्या सोबत्याचा. तो सोबती कोण ते अजून ठरायचे आहे, म्हणून तिथे जागा मोकळी. त्याखाली अब्बांचा नंबर.

अब्बा झोपताना मोबाईल बंद करायचे. परवा त्यांनी आमच्याकडे येऊन विचारले, रात्री बाकी सगळ्यांचे आवाज बंद आणि एकाचाच चालू, असे या फोनमध्ये करता येते का. आम्हाला जमले नाही. मुलीने करून दिले.