दोष बोटाचा नाही, बटणाचा आहे

कुणाच्या फाइली गेल्या, खात्यातले पैसे गेले की ठरलेलं वाक्य कानावर येतं, ‘तुम्ही सावध राहायला हवं होतं.’ मला हे वाक्य मान्य नाही.

जोगेश्वरी, घाटकोपरच्या गल्ल्यांतली फॉर्म भरून देणारी दुकानं बघा. एकच संगणक, एकच खातं आणि त्याला सगळे अधिकार. त्यात मोहल्ल्यातल्या लोकांची आधार कार्डं, मुलींचे स्कॉलरशिपचे कागद, हजच्या अर्जासाठी आणलेले पासपोर्ट. आपण याला अमानत म्हणतो.

ही अमानत सांभाळायला संगणक काय देतो? फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला अडवणारी सोय विंडोजमध्ये 2017 पासून आहे. पण ती मुळात बंद असते आणि चार-पाच पानं आत दडलेली. शोधून सुरू केलीच, तर कधी रोजच्या वापरातला प्रोग्रामही अडतो आणि दुकानदार वैतागून ती बंद करतो. 2007 च्या व्हिस्टापासून विंडोज विचारतंय, ‘या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?’ कोणते बदल, ते सांगत नाही. रांगेत दहा माणसं असताना बोट ‘होय’वरच पडणार.

याउलट 2024 च्या आवृत्तीत, नव्याने विंडोज टाकलं की बहुतेक लॅपटॉपवर डिस्कचं कूटबंधन आपोआप सुरू होतं. त्याची 48 आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असेल, तर मालकालाच आपलं कपाट उघडत नाही.

तज्ज्ञांना हे नवं नाही. 1999 मध्ये अमेरिकेत व्हिटन आणि टायगर यांनी बारा जणांना दीड तास देऊन कूटबंद ईमेल पाठवायला सांगितलं. जमलं फक्त चौघांना. दोष त्यांनी माणसांना दिला नाही, प्रोग्रामच्या रचनेला दिला.

‘लोकांनी शिकायला नको का?’ जरूर शिकावं. पण 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून मेली, तेव्हा ‘दारात लटकू नका’ एवढ्यावर भागलं नाही. आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा रेल्वेला करावीच लागली.

संगणकाकडूनही तेवढंच हवं. संरक्षण आधीपासून सुरू असावं आणि त्याने रोजचं काम अडू नये. प्रश्न विचारायचाच, तर ‘होय’ म्हटल्यावर काय होईल ते साध्या मराठीत, उर्दूत सांगावं. दुकानदारानेही काम झालं की गिऱ्हाइकाचे कागद पुसावेत. पण कंपनीने जे दार उघडं ठेवलंय, त्याचा जाब कंपनीलाच विचारा.