चिप सादळते तेव्हा...

पावसाळ्यात पापडाचा डबा उघडा राहिला तर घरात केवढी बोलणी बसतात! पण कारखान्यात मायक्रोकंट्रोलरचं रीळ रात्रभर उघडं राहिलं तर कोणालाच काही वाटत नाही. सादळलेला पापड हाताला कळतो, सादळलेली चिप कळत नाही.

चिप कशी सादळेल, असं मलाही वाटायचं. सॉफ्टवेअरवाला माणूस, माझ्यासाठी चिप म्हणजे डेटाशीट! पण तिचं काळं आवरण इपॉक्सीचं असतं आणि ते हवेतला ओलावा हळूहळू शोषतं. मग सोल्डरिंगसाठी बोर्ड रिफ्लो ओव्हनमध्ये जातो. काही मिनिटांत तापमान २४५ अंशांच्या आसपास. आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि आवरण आतून सुटतं, कधी तडकतं. मक्याच्या लाह्यांसारखं. म्हणून तर याचं नाव 'पॉपकॉर्निंग'.

जुनं शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, ओव्हन २१५ पर्यंत नेला की भागायचं. २००६ मध्ये युरोपात आरओएचएस नियम लागू झाले आणि बिनशिशाचं सोल्डर सगळीकडे पसरलं. ते २१७ च्या पुढे वितळतं. तीसच अंश जास्त ना? पण २१५ अंशांना संपृक्त वाफेचा दाब वातावरणाच्या साधारण २० पट असतो, २४५ ला तो ३५ पटींच्या वर जातो.

आता माझं दुखणं. आमचे काही बोर्ड गार असताना मस्त चालायचे, तापले की रीसेट. अर्थात संशय फर्मवेअरवर! दीड महिना मी वॉचडॉग, स्टॅक, इंटरप्ट सगळं उसवून पुन्हा शिवलं. शेवटी अकौस्टिक मायक्रोस्कोपखाली दिसलं की चिपचं आवरण आतून सुटलंय. पाकीट कधी फोडलं होतं, असं विचारलं तर उत्तर आलं, "असेल दोन-चार दिवसांपूर्वी..."

ही चिप एमएसएल ३ ची. म्हणजे पाकीट फोडल्यापासून १६८ तासांत रिफ्लो व्हायला हवी. तेही हवा ३० अंश आणि ६०% आर्द्रतेच्या आत असेल तर. आपल्याकडे जुलैत ही अट खिडकी उघडी ठेवून पाळून दाखवा!

"मग बेक करू की," असं लगेच कोणीतरी म्हणतं. जरूर करा. पण १२५ अंशांना रिळाचं प्लास्टिक टिकत नाही, चिपा ट्रेमध्ये काढाव्या लागतात. ४० अंशांना कोरड्या हवेत ठेवल्या तर दिवसचे दिवस जातात. शिवाय भाजून भाजून पिनांवर ऑक्साइड चढतं, म्हणून जे-एसटीडी-०३३ या मानकात भाजण्याच्या एकूण तासांनाही मर्यादा आहे. बेकिंग हे औषध आहे, रोजचं जेवण नव्हे.

माझं म्हणणं साधं आहे. ओव्हन महागडा घ्या, प्रोफाइल सुरेख बसवा, पण पाकिटावर उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली नसेल तर ते रीळ मशीनवर चढता कामा नये. खर्च एका पेनाचा. लोक म्हणतात, प्रॉडक्शन थांबतं. अहो, तिथे तासभर थांबेल, पण खराब बोर्ड गिऱ्हाइकाकडे सहा महिन्यांनी बंद पडला तर ते निस्तरायला किती तास लागतील?

आणि तोवर शिव्या फर्मवेअरवाला खाणार!

असो. पापडाच्या डब्याचं झाकण लावून येतो.