मोल देऊन घेतलेलें कुलूप

‘विकत घेणें’ या शब्दांचा अर्थ शाळेंत जाणाऱ्या मुलालाही समजावून सांगावा लागत नाहीं. मोल द्यावें, वस्तु घरीं आणावी, आणि मग ती वस्तु आपली. तांब्याचा बंब घेतल्यावर त्यांत पाणी कोणत्या दिवशीं तापवावें हें तांबट येऊन सांगत नाहीं. पुस्तक घेतल्यावर तें कोणत्या खोलींत बसून वाचावें व वाचून झाल्यावर कोणास द्यावें, यांत प्रकाशकाची लुडबूड नसते. आमच्या धर्मशास्त्रकारांनींही या बाबतींत संदिग्धता ठेविलेली नाहीं. गौतम धर्मसूत्रांत स्वत्व उत्पन्न होण्याचीं जीं कारणें सांगितलीं आहेत, त्यांत वारसा व वांटणी यांच्या पंक्तीला क्रय, म्हणजे खरेदी, हेंही बसविलें आहे.

संगणकाच्या जगांत मात्र या जुन्या सूत्राला एक विलक्षण अपवाद निघाला आहे. तेथें मोल पुरतें द्यावयाचें, पण किल्ली विकणाराकडेच राहावयाची. मालाची नक्कल कोणी करूं नये म्हणून सॉफ्टवेअरला व खेळांना जें कुलूप घालतात त्याला पूर्वीं ‘कॉपी प्रोटेक्शन’ म्हणत. आतां त्याला ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. आपण त्याला सरळ नक्कलबंदी म्हणूं. आमच्या सदराचे वाचक म्हणतील, मास्तरांना या वयांत संगणकाचे खेळ कशाला हवेत? पण हा प्रश्न खेळापुरता नाहीं. आपल्या पैशानें घरांत आलेल्या वस्तूचा धनी कोण, हा तो प्रश्न आहे.

प्रथम दुसरी बाजू न्यायानें मांडली पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिण्यास बुद्धि, वर्षें व पैसा लागतो, आणि नक्कल करण्यास एक क्षण पुरतो. ‘मायक्रोसॉफ्ट’चे बिल गेट्स यांनीं १९७६ च्या फेब्रुवारींत हौशी संगणकप्रेमींना एक अनावृत पत्र लिहिलें होतें. आमचें ‘बेसिक’ वापरणारे पुष्कळ, पण तें विकत घेणारे दहांतून एकही नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार खरी होती व आजही खरी आहे. चोरलेला ग्रंथ वाचून झालेलें ज्ञान पवित्र होत नाहीं, तसा चोरलेला खेळही निर्दोष होत नाहीं. आपल्याकडील कित्येक सुशिक्षित घरांत ‘सीडी कशाला विकत घेतां, मी देतों उतरवून’ हें वाक्य औदार्याचें लक्षण समजलें जात असे, तें आम्हांस केव्हांही रुचलें नाहीं. तेव्हां चोराची वकिली करण्यास आम्ही बसलों नाहीं. आमची तक्रार साव माणसाच्या वतीनें आहे.

वर्गांत एकानें खडू चोरला म्हणून सगळ्या वर्गास उभें करणारे मास्तर आम्हीं पाहिले आहेत. त्यांतही बहुधा असें होई कीं, चोर त्या दिवशीं गैरहजर असे आणि पाय दुखत ते नियमानें येणाऱ्या मुलांचे. नक्कलबंदीचा इतिहास हा बराचसा असाच आहे.

आरंभींचीं कुलुपें तरी गमतीचीं होतीं. १९८५ मध्यें इंग्लंडांत ‘एलीट’ या खेळाबरोबर ‘लेन्सलॉक’ नांवाचें प्लॅस्टिकचें लोलकवजा भिंग देत. पडद्यावरचीं विस्कटलेलीं अक्षरें त्यांतून पाहून वाचावयाचीं, मग खेळ सुरू होई. परंतु दूरदर्शनसंच फार मोठा अगर फार लहान असला तर अक्षरें जुळत नसत, आणि कांहीं ग्राहकांना तर भिंगच दुसऱ्या खेळाचें गेलें! ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ सालच्या प्रसिद्ध खेळांत पहिली पायरी ओलांडल्यावर एका दालनांत अनेक कुप्या मांडलेल्या असत. सोबतच्या पुस्तिकेंतील अमुक पानावरील, अमुक ओळींतील, अमुक शब्दाचें आद्याक्षर पाहून योग्य ती कुपी प्यावयाची, चुकीची प्यालास तर राजपुत्राच्या जिवावर बेतलें. पुस्तिका हरवली कीं पैसे देऊन घेतलेला खेळही तेथेंच संपला. चोरट्या प्रतींत मात्र हें दालन काढून टाकलेलें असे.

पुढें धंद्याच्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीमागें लावावयाचें कुलूप आलें. त्याला ‘डाँगल’ म्हणतात. त्याचा अनुभव आम्हांस आहे. नोकरींत असतां संस्कृत व्याकरणावरील आमचीं टिपणें नीट टंकित करावीं म्हणून आम्हीं एक देवनागरी टंकलेखनाचें सॉफ्टवेअर, आमच्या पगाराच्या मानानें भारी किंमत देऊन, पावतीसह घेतलें. त्याचें कुलूप छपाईयंत्राची तार जेथें लागते त्या खांचेंत बसे. कांहीं वर्षांनीं संगणक निकामी झाला. नव्या संगणकास ती खांचच नव्हती. विक्रेत्याकडे गेलों, तों ‘नवी आवृत्ति घ्या’ एवढेंच उत्तर मिळालें. लिहिलेलें सारें त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सांकेतिक लिपींत असल्यामुळें दुसरीकडे उघडलें कीं पाणिनीच्या सूत्रांच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसे. आमच्या शब्दांवर दुसऱ्याचें कुलूप होतें, आणि तें आम्हींच मोल देऊन आणिलें होतें. टिपणें कागदावर छापून ठेविलेलीं होतीं, म्हणून वांचलीं. आतां युनिकोडमुळें ही अडचण पुष्कळ दूर झाली आहे. पण त्या काळचे किती लेख व किती हिशेब अशा कुलुपांत गुदमरून राहिले असतील, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हीं कुलुपें निदान डोळ्यांस दिसत. २००५ सालीं ‘सोनी बीएमजी’ या कंपनीनें गाण्यांच्या कित्येक चकत्यांत न दिसणारें कुलूप घातलें. चकती संगणकांत घातली कीं तिच्यांतून एक कार्यक्रम गुपचूप संगणकाच्या गाभ्यांत शिरे व स्वतःस लपवून ठेवी. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञानें त्या वर्षीं ३१ ऑक्टोबरला तें उघडकीस आणिलें. थोड्याच दिवसांत संगणकास उपद्रव देणाऱ्या लबाडांनीं त्याच आडोशाचा फायदा घेतला. कार्यक्रम हातानें उपटूं गेल्यास चकती वाचणारें यंत्रच बंद पडे. अखेर कंपनीला चकत्या परत घ्याव्या लागल्या व न्यायालयांत जाऊन तडजोडी कराव्या लागल्या. ज्यानें गाणें चोरून मिळविलें त्याला यांतलें कांहीं सोसावें लागलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्यानंतर कुलूप घरांतून उठून दूरदेशीं गेलें. २००८ मध्यें ‘स्पोअर’ हा खेळ निघाला. तो तीनच संगणकांवर बसवितां येईल अशी अट होती. ग्राहकांनीं दुकानाच्या पृष्ठावर हजारों निषेध नोंदविले, तेव्हां तिनाचे पांच झाले. चोरटी प्रत मात्र विक्रीच्या दिवसापूर्वींच फिरूं लागली होती, आणि तिला ना तीन ना पांच! २०१० मध्यें ‘युबिसॉफ्ट’नें आपल्या कांहीं खेळांना असा नियम केला कीं, एकट्यानें खेळावयाचें असलें तरी खेळ संपेपर्यंत कंपनीच्या सर्व्हरशीं संबंध अखंड पाहिजे. त्याच मार्चमध्यें सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक दाराबाहेर उभे राहिले. २०१३ मध्यें ‘सिमसिटी’च्या विक्रीचा मुहूर्त झाला, तों सर्व्हरवर इतकी गर्दी उसळली कीं कित्येक दिवस ग्राहकांस शहर वसवितां येईना. पुढें वर्षभरानें तोच खेळ संबंधावांचून चालूं लागला.

याहून गंभीर गोष्ट अशी कीं, कुलूप करणारा मरतो अगर कंटाळतो, कुलूप मात्र मागें राहतें. २०१५ मध्यें ‘विंडोज १०’ आलें, तेव्हां ‘सेफडिस्क’ नांवाच्या नक्कलबंदीच्या जुन्या अस्सल चकत्या चालेनाशा झाल्या. कारण त्या कुलुपाचा जो भाग संगणकाच्या गाभ्यांत बसे तोच सुरक्षिततेला धोकादायक ठरला होता. ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं सर्व्हर बंद करून संपविला. एकटा बसून खेळणाराच्या हातींही कांहीं उरलें नाहीं. या अन्यायाविरुद्ध युरोपांत जो अर्ज निघाला, त्यावर २०२५ च्या जुलईपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

ग्रंथांची कथा तर आम्हां वाचकांच्या काळजाला लागणारी आहे. २००९ च्या जुलईंत ‘ॲमेझॉन’नें ग्राहकांच्या ‘किंडल’ पाट्यांवरून जॉर्ज ऑर्वेलचीं दोन पुस्तकें दुरूनच पुसून टाकिलीं; विकणारास हक्क नव्हता असें कारण होतें. पैसे परत केले, कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमाही मागितली. पण एका विद्यार्थ्यानें त्या पुस्तकावर केलेलीं टिपणें आधार नाहींसा झाल्यानें निरर्थक झालीं. २०१९ मध्यें ‘मायक्रोसॉफ्ट’नें आपलें ग्रंथांचें दुकान मोडलें, तेव्हां विकलेलीं सर्व पुस्तकें वाचकांच्या हातून गेलीं. किंमत परत मिळाली, आणि ज्यांनीं समासांत टिपणें केलीं होतीं त्यांस जादा २५ डॉलर! अभ्यासाची ही किंमत ज्यानें ठरविली त्यानें आयुष्यांत समासांत एकही शब्द लिहिला नसावा.

कायद्याचें म्हणणें काय? अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानें कुलूप फोडणें हाच गुन्हा ठरविला, आणि मग दर तीन वर्षांनीं अपवादांची यादी करण्याची पाळी आली. आपला कायदा या बाबतींत अधिक समंजस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ५२ वें कलम सॉफ्टवेअरच्या कायदेशीर धारकास, तें नष्ट होण्याच्या भयापासून रक्षणार्थ राखीव प्रत करण्याची मुभा देतें. आणि २०१२ च्या दुरुस्तीनें आलेलें ६५-अ कलम, कुलूप फोडणाराचा हेतु हक्कभंगाचा असेल तरच शिक्षा सांगतें. परंतु कायदा प्रत करूं देतो आणि कुलूप करूं देत नाहीं, अशा स्थितींत सामान्य गृहस्थानें काय करावें? कॅलिफोर्नियानें २०२४ मध्यें कायदा करून निदान एवढें सांगितलें कीं, जी वस्तु पुढें काढून घेतां येते ती विकतांना हा केवळ परवाना आहे असें स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे शब्द वापरूं नयेत. शब्दाला अर्थ असावा, हें आम्ही चाळीस वर्षें फळ्यासमोर सांगत आलों. कायद्यानें तें सांगितलेलें पाहून समाधान वाटलें.

कुलुपावांचून धंदा बुडतो, ही भीति अनुभवानें खरी ठरलेली नाहीं. २००९ मध्यें ‘ॲपल’नें आपल्या दुकानांतील गाण्यांचें कुलूप काढलें, गाण्यांचा व्यापार बुडाला नाहीं. पोलंडांतील मंडळींनीं २००८ पासून ‘गॉग’ नांवाचें दुकान चालविलें आहे; तेथें खेळ कुलुपावांचूनच विकतात. त्याच मंडळींचा ‘द विचर ३’ हा २०१५ चा खेळ तेथें कुलुपावांचून मिळत असतां, सर्व दुकानें मिळून २०२३ पर्यंत त्याच्या पांच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

वेदांचें रक्षण आमच्या पूर्वजांनीं कसें केलें हें येथें आठवतें. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं एकेक शब्द उलटसुलट गुंफून अनेक मुखांत ठेविला; जितक्या प्रती अधिक तितका पाठ सुरक्षित. नक्कल हेंच तेथें रक्षण होतें. त्या विद्येच्या दारालाही स्त्रिया व बहुजन यांच्यापुरतें मोठें कुलूप होतें, हें आम्ही विसरत नाहीं; आणि त्या कुलुपानें विद्येचें नुकसानच झालें, हेंही नमूद केलें पाहिजे.

तेव्हां गृहस्थांस आमचें सांगणें थोडकें आहे. मुलांस चोरून घेण्याची संवय लावूं नका. योग्य मोल द्या. पण मोल देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: ही वस्तु इंटरनेटवांचून चालेल काय? संगणक बदलला तर ती बरोबर येईल काय? कंपनी उद्यां उठून गेली तर आपल्या हातीं काय उरेल? उत्तर समाधानकारक असेल तेथेंच खरेदी करा. आणि आपलें स्वतःचें लेखन तरी, पत्रें असोत, हिशेब असोत कीं आजीच्या पाककृति असोत, कोणाही एका कंपनीच्या किल्लीवर अवलंबून ठेवूं नका. साध्या युनिकोड लिपींत, दोन ठिकाणीं, आणि शक्य तर कागदावरही ठेवा. एवढें सुचवून या महिन्यापुरती वाचकांची रजा घेतों.