एक दिरहम अन्नाचा, एक कुऱ्हाडीचा

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. एक गरजू अन्सारी मदत मागायला आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या घरातले कांबळे आणि पाण्याचे भांडे मागवून सर्वांसमोर दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिचा दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि त्याला लाकडे विकायला पाठवले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून परतला.

आपल्या योजनांत बहुतेकदा पहिला दिरहम असतो, दुसरा राहून जातो.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. याला ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. भिवंडी-मालेगावात लूम थांबला की उधारीच्या किराण्याला हाच आधार असतो.

अडचण अटीत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले की मदत शून्य. मी सॉफ्टवेअर लिहितो. अशी ‘हो किंवा नाही’ची अट कोडमध्ये एका ओळीत बसते, घरात मात्र ती महागात पडते. २,५०,००० कमावणाऱ्या घरात योजनेचे १८,००० धरून २,६८,००० येतात. एखाद्या आपाने शिवणकाम करून ५,००० जास्त कमावले, तर हाती फक्त २,५५,०००. कष्ट वाढले, पैसे १३,००० ने घटले! मग कमाई लपवणे किंवा काम नाकारणे हाच शहाणपणा ठरतो.

त्याऐवजी मर्यादेवरच्या दर दोन रुपयांमागे एक रुपया कापावा. मग त्याच घरात २,७०,५०० येतील. सरकारचा खर्च थोडा वाढेल. असंघटित कामातली कमाई मोजणे कठीण आहे, हेही खरे; पण आजची मर्यादा लावतानाही ती मोजावीच लागते. जोडीला दुसरा दिरहम हवा: कौशल्य, अवजार, बिनव्याजी भांडवल.

हाच प्रश्न आपल्या जकातीलाही विचारू. रमजानमध्ये रेशन किट जरूर द्या. पण जकातीचा एक हिस्सा शिलाई मशीन, हातगाडी किंवा आयटीआयच्या फीसाठी काढा, ते त्या कुटुंबाच्या मालकीचे करा आणि वर्षभर विचारपूस ठेवा. हे काम मोहल्ल्यातले पाच-सहा तरुणही करू शकतात.

किती किट वाटले, याचा हिशेब आपण ठेवतोच. किती घरांना यंदा जकात घ्यावी लागली नाही, तोही ठेवू या.